गावाची पैसेवारी आणि मायचं वावर

केज तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींचं पत्र आहे. पानभर आहे, थोडक्यात देते.

“डॉक्टरबाई, माझी माय ६४ वर्षांची. सहा-सात महिने लघवीला आग व्हायची, कपड्याला रक्ताचा डाग दिसायचा. तिनं कोणाला सांगितलं नाही. उन्हाळी लागली म्हणून धन्याजिऱ्याचं पाणी घेत राहिली. मग लघवीच्या जागी बोंडाएवढं मांस आलं. तालुक्याच्या गावी दाखवलं, ‘वयानं येतं’ म्हणून जाळून टाकलं. तीन महिन्यांत परत आलं. या वेळी तुकडा तपासला. रिपोर्ट आला : मूत्रमार्गाचा मॅलिग्नंट मेलॅनोमा. मी रात्रभर मोबाईलवर वाचत बसलो. पाच वर्षं काढणारे शंभरात वीसही नाहीत, असं लिहिलंय. धाकटा म्हणतो, दोन एकर विकू आणि मुंबईला इम्युनोथेरपी देऊ. बहीण म्हणते, तिला छळू नका, घरी ठेवा. मायला अजून काहीच सांगितलं नाही, ती भित्री आहे. मला एवढंच सांगा, माय किती दिवसांची आहे? त्याप्रमाणे ठरवू.”

गुरुजी,

किती दिवस, ते मी सांगणार नाही. टाळते म्हणून नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदावरून ते सांगता येत नाही, आणि जो सांगेल तो अंदाजपंचे सांगेल. मी पस्तीस वर्षं तुकडे तपासले, रोग्यांपेक्षा काचेच्या पट्ट्याच जास्त पाहिल्या. त्या पट्टीवर रोगाचं नाव असतं. तो किती पसरला, हे तिथं फारसं दिसत नाही. तुमच्या हातात आत्ता नुसतं नाव आहे : मेलॅनोमा, म्हणजे अंगाला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर.

रात्री वाचलेल्या आकड्याबद्दल आधी बोलू, कारण झोप त्यानंच उडवलीय. तुम्ही मराठवाड्यातले, पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, तुम्हाला नव्यानं सांगायला नको. गावातली चार-दोन वावरं निवडायची, ठरलेल्या मापाचा तुकडा कापायचा, मळायचा, वजन करायचं आणि त्यावरून अख्ख्या गावाची पैसेवारी काढायची. पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईत. पण त्याच गावात ओढ्याकाठच्या एखाद्याच्या वावरात चांगली सोयाबीन उभी असते आणि माळावरच्याचं बियाणंही निघालेलं नसतं. पैसेवारी खोटी नसते, ती गावाची असते. एका वावराला लावली की फसते.

मूत्रमार्गाच्या मेलॅनोमाचे आकडे तर त्याहून तोकड्या कापणीवर काढलेले. अमेरिकेत १९८५ ते १९९४ या दहा वर्षांतल्या मेलॅनोमाच्या ८४ हजारांवर रोग्यांची नोंद एकत्र करून पाहिली गेली. त्यात कातडीवरचे नव्वद टक्क्यांहून जास्त. नाक-तोंड, गुदद्वार, योनी, मूत्रमार्ग अशा आतल्या ओल्या अस्तराचे फक्त १.३ टक्के. त्या १.३ टक्क्यांतले मूत्रमार्ग-मूत्राशयाचे मिळून शंभरात तीनही नाहीत. हिशेब तुम्हीच करा, मुलांना शेकडेवारी शिकवता : ८४ हजारांत तीसएक माणसं. एवढा मोठा देश, दहा वर्षं, आणि हाती तीसएक. त्याच नोंदीत पाच वर्षांनी जिवंत असलेले कातडीच्या रोगात शंभरात ८१ होते आणि आतल्या अस्तराच्या सगळ्या जागा मिळून २५. फक्त मूत्रमार्गाचे रोगी जमवून छापलेले जे छोटे छोटे संग्रह आहेत, त्यांत आकडा कुठं दहा, कुठं वीस, कुठं तिसाच्या जवळ येतो. असा वरखाली होतो, कारण दहा-वीस माणसांत दोघं जास्त जगली की टक्केवारी उडी मारते.

दुसरं म्हणजे, हे पीक जुन्या बियाण्याचं. पाच वर्षं जगला की नाही हे कळायला पाच वर्षं थांबावं लागतं, म्हणून असा कुठलाही आकडा मागचाच असतो. आज जी औषधं आहेत, त्यांतलं पहिलं अमेरिकेत २०११ साली मान्य झालं आणि महत्त्वाची पुढची दोन २०१४ साली. तुम्ही वाचलेल्या रोग्यांपैकी बहुतेकांनी ती पाहिलीही नव्हती.

एवढं ऐकून ‘म्हणजे घाबरायचं कारण नाही’ असं मात्र घेऊ नका. हा रोग वाईट आहे. आतल्या अस्तराचा मेलॅनोमा कातडीच्यापेक्षा जास्त मारतो, आणि नवी औषधंही त्याला कमी लागू पडतात. पैसेवारी वीस पैसे आलेल्या गावात कोणी ओढ्याकाठी असेल, पण गाव दुष्काळातच असतं. मला म्हणायचंय ते इतकंच की मायचं वावर कुठं आहे, ते आधी बघू.

ते ठरतं काही मोजक्या गोष्टींवर. गाठ केवढी, किती खोल गेली, लघवीच्या तोंडाशीच आहे की मूत्राशयाकडे सरकली, कापताना कडा मोकळ्या मिळतात का (म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत रोग पोचलेला नाही ना), जांघेतल्या गाठींत उतरलाय का, आणि फुफ्फुस, लिव्हर, हाडं, मेंदू इथपर्यंत पोचलाय का. तोंडाशी असलेली लहान गाठ, जांघा मोकळ्या, ही एक बाई. जांघेत लिंबाएवढी गाठ आणि फुफ्फुसात ठिपके, ही दुसरी बाई. दोघींच्या रिपोर्टवर वरची ओळ एकच असते आणि मोबाईल दोघींना एकच आकडा दाखवतो. म्हणून पेट-सीटी (अंगभराचा स्कॅन), मेंदूचा एमआरआय आणि जांघेची नीट तपासणी झाल्याशिवाय एकही निर्णय घेऊ नका. शिवाय कोणीतरी मायला डोक्याच्या केसांपासून तळपायापर्यंत, नखं, तोंड, डोळे, गुदद्वार असं उजेडात पाहायला हवं. कधी कधी मूळ रोग दुसरीकडे असतो आणि लघवीच्या जागी आलेली त्याची पोर असते.

आता ‘वयानं येतं’ म्हणून जाळलं त्याबद्दल. तुमच्या पत्रात त्या डॉक्टरवर राग आहे. राग असू द्या, पण मी त्याच्याकडे बोट दाखवायला धजत नाही, आणि का ते सांगते.

वीसएक वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर फॉर्मलीनची एक छोटी बाटली आली. आत हरभऱ्याच्या दाण्याएवढा गुलाबी तुकडा. फॉर्मवर लिहिलं होतं ‘कॅरंकल’. पाळी गेलेल्या बायकांना लघवीच्या तोंडाशी मांसाचा लाल कोंब येतो, तो कॅरंकल. निरुपद्रवी, आणि बहुतेकींना तोच असतो. काचेखाली पाहिलं तर पेशी बऱ्या वाटेनात, पण काळा रंग कुठंच नव्हता. मेलॅनोमा म्हणजे काळं, हे आमच्याही डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं! या जागेच्या मेलॅनोमांतले बरेच बिनरंगाचे असतात, हे पुस्तकात वाचलेलं, हाताखालून गेलेलं नव्हतं. मी ‘संशयास्पद, जास्तीचे रंग लावून पाहावेत’ असं लिहिलं आणि ब्लॉक, म्हणजे तो तुकडा बसवलेली मेणाची वडी, मुंबईला पाठवला. एस-१००, एचएमबी-४५ हे रंग तेव्हा आमच्याकडे नव्हते. उत्तर यायला अठरा दिवस लागले. तोवर बाई गावी गेली होती. फोन नव्हता, कार्ड टाकलं. ती परत आली ते आठ महिन्यांनी, जांघेत गाठ घेऊन. मी त्या दिवशी कार्डाऐवजी माणूस पाठवायला हवा होता. अजून वाटतं. म्हणून माझं तेव्हापासून एकच टुमणं आहे : जाळा, कापा, काय हवं ते करा, पण निघालेला तुकडा फेकू नका, तपासायला पाठवा. जाळला की पुरावाच जातो. तुमच्या मायचा पहिला कोंब तसा गेला. दुसरा पाठवला, हे त्या दुसऱ्या डॉक्टरचं शहाणपण.

आणि मायनं लपवलं म्हणून तिच्यावर चिडू नका. ती जागाच तशी. आपल्याकडची बाई दाढ दुखली तर चारचौघांत सांगते, पण तिथलं काही असलं की जुनं लुगडं फाडून घडी करते आणि गप्प बसते. ‘अंग बाहेर आलं असेल, या वयात होतंच’ असं स्वतःच ठरवून टाकते. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर कपड्यावर रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तरी दाखवायचं. हे तुमच्या मायसाठी उशिराचं आहे, पण तुमच्या शाळेच्या पालकसभेत बायका येतात ना, त्यांच्यासाठी नाही.

गावात कोणीतरी तुम्हाला म्हटलंच असेल, की जन्मभर उन्हात खुरपलं त्यानं झालं. नाही. कातडीच्या मेलॅनोमात, तोही गोऱ्या लोकांत, उन्हाचा हात असतो. इथं ऊन पोचतच नाही. आईच्या पोटात असताना रंगाच्या पेशी पाठीच्या बाजूनं निघून अंगभर पसरतात, त्यातल्या काही आतल्या अस्तरातही जाऊन बसतात. त्यांतली एखादी बिघडते. का, ते धड कोणाला सांगता येत नाही. बहिणीला हे लागेल का, अशी भीती असेल तर ती काढून टाका. संसर्गानं होत नाही, आणि मूत्रमार्गाचा हा रोग घराण्यात चालत येणारा म्हणून ओळखला जात नाही.

उपचाराकडे येते. रोग एका जागी असेल तर पहिलं औषध सुरी. गाठ मोकळ्या कडेसकट काढणं हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि पुढचं आयुष्य बरंचसं त्यावर अवलंबून असतं. गाठ तोंडाजवळ असेल तर मूत्रमार्गाचा तेवढाच भाग काढून लघवीवरचा ताबा राखता येतो. वर सरकली असेल तर मूत्राशयासकट सगळं काढून पोटावर पिशवी लावायचा प्रस्ताव येतो. इथं एक गोष्ट विचाराच. मोठी शस्त्रक्रिया केली म्हणून माणूस हमखास जास्त जगतो, असं या रोगात सिद्ध झालेलं नाही. कडा मोकळ्या मिळवायला ती लागणार असेल तर गोष्ट वेगळी. ‘डॉक्टर, यापेक्षा लहान शस्त्रक्रियेत कडा मोकळ्या मिळतील का?’ हा प्रश्न विचारताना लाजू नका. चांगला सर्जन चिडत नाही. हा रोग त्याच जागी परत उगवायची खोड असलेला आहे, म्हणून ऑपरेशननंतर ‘झालं’ म्हणून घरी बसायचं नाही, तपासणीच्या तारखा पाळायच्या. शेक (रेडिएशन) दिला तर जागेवरचा रोग आवरायला मदत होते, आयुष्य त्यानं वाढतंच असं नाही. जुन्या केमोचा उपयोग थोडा.

धाकट्याच्या इम्युनोथेरपीबद्दल. त्याचं ऐकीव ज्ञान खोटं नाही. आपल्याच अंगातल्या सैनिकांचा लगाम सोडायचा, ही कल्पना. त्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. पण आतल्या अस्तराच्या मेलॅनोमात पसरलेल्या रोगावर यातलं निवोलुमॅब हे औषध एकटं दिलं तेव्हा गाठी लक्षणीय आकसल्या त्या शंभरात २३ जणांच्या, इपिलिमुमॅब जोडीला दिलं तेव्हा ३७ जणांच्या. कातडीच्या मेलॅनोमात हेच आकडे ४१ आणि ६०. म्हणजे औषध काम करतं, पण निम्म्याहून जास्त लोकांत करत नाही. ज्यांच्यात करतं, त्यांच्यातल्या काहींत ते वर्षानुवर्षं टिकतं, त्यासाठीच सगळा आटापिटा. जोडीनं दिलं की त्रासही जोरात होतो. हगवण, लिव्हरची सूज, थायरॉईड. दवाखाना चार तासांवर असलेल्या गावात ही हगवण साधी समजून घरी ओआरएस पाजत बसण्यासारखी नसते, लगेच निघावं लागतं.

पैशाचं गणित मला तुमच्याइतकंच टोचतं. नेहमीच्या मात्रेत हे औषध लाखांत जातं. टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरवर निवोलुमॅबची नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मात्रा, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, केमोसोबत देऊन पाहिली. वर्षभरानंतर जिवंत असणारे शंभरात १६ वरून ४३ वर गेले. रोग वेगळा होता, मेलॅनोमाला तोच नियम लावता येत नाही. पण ‘कमी मात्रेचा काही विचार होऊ शकतो का’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही, उत्तर नाही आलं तरी.

आणि तुकड्यावर ‘किट’ आणि ‘बीरॅफ’ या दोन जनुकांची तपासणी सांगतीलच, नाही सांगितली तर मागा. किटमधला बिघाड या जातीच्या मेलॅनोमात शंभरात दहा-वीस जणांना सापडतो. सापडला तर इमॅटिनिब नावाची गोळी चालू शकते. ती आपल्याकडे स्वस्त आहे, कारण २०१३ साली सुप्रीम कोर्टानं तिच्या कंपनीला पेटंट नाकारलं. तिचा असर अनेकदा वर्षभरात ओसरतो, हेही ऐकून ठेवा.

यावरून जमिनीचं उत्तर तुम्हालाच दिसत असेल. स्कॅन व्हायच्या आधी, जनुकांचा रिपोर्ट यायच्या आधी, कोणतं औषध लागणार हेच ठाऊक नसताना जमीन विकणं म्हणजे पाऊस पडायच्या आधी खतासाठी बैल विकणं. घाईच्या विक्रीला भाव काय मिळतो, ते मी सांगायला नको. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. शस्त्रक्रिया आणि शेक त्यात बसतो का, आणि महागडं औषध बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून आधी विचारून घ्या. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे ना, ते आजच बघा. मी माणसं यावरून आठ आठ दिवस अडलेली पाहिलीत. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही जोडीनं टाका.

कुठं जायचं? बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल तुम्हाला जवळ आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. स्कॅन आणि पुढची देखभाल जवळ करा. पण हा रोग इतका विरळा आहे की उपचाराचा आराखडा मात्र तो अधूनमधून पाहणाऱ्या टीमकडून, म्हणजे परळच्या टाटाकडून, एकदा तरी ठरवून घ्या. राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या रोग्याला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट फुकट असतं, सोबतच्याला पाऊण सूट, फॉर्मवर डॉक्टरची सही लागते.

जाताना नुसता कागदाचा रिपोर्ट नेऊ नका. ज्या लॅबनं तुकडा तपासला तिथून काचेच्या पट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. पावती करून देतात. तो ब्लॉक म्हणजे मायच्या रोगाचा अस्सल सातबारा, बाकीच्या तपासण्या त्याच्यावरच होतात. आणि एक बारीक सांगते, हसू नका : ब्लॉक गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. केजच्या मे महिन्यातल्या उन्हात बंद गाडीत तो वितळतो. मला एकदा असं मेणाचं पान आलंय, त्यातून काय कापणार कपाळ? डब्यात ठेवा, पट्ट्या वेगळ्या गुंडाळा.

राहिली मायला न सांगण्याची गोष्ट. ‘ती भित्री आहे’ असं तुम्ही लिहिलंय. जिनं सहा महिने रक्त जाताना घरात भाकऱ्या थापल्या तिला भित्री कसं म्हणायचं? इथं विषय तिच्या लघवीचा आहे. पोटावर पिशवी चालेल का, लांबच्या फेऱ्या करायच्या का, घरी राहायचं असेल तर कधी, हे तुम्ही दोघं भाऊ ओट्यावर बसून ठरवू शकत नाही. ऑपरेशनच्या कागदावर अंगठा तिचा लागणार आहे. सगळं एका दिवसात ओतू नका. ‘माय, त्या कोंबात खराब पेशी निघाल्या, किती पसरलंय ते बघायला जायचंय’ एवढ्यानं सुरू करा आणि ती पुढं काय विचारते ते ऐका. तिनं आकडा विचारला नाही तर देऊ नका. विचारला तर खोटं बोलू नका.

बहिणीलाही तिचं म्हणणं मागे घ्यायला लावू नका. स्कॅनमध्ये रोग सगळीकडे निघाला तर तिचाच मार्ग बरोबर ठरेल, आणि तेव्हा ‘घरी ठेवणं’ म्हणजे हात झटकणं नसतं. पॅलिएटिव्हचे, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारे, डॉक्टर असतात, वेदनेला मॉर्फिनच्या गोळ्या असतात, लघवी अडली तर नळी असते. उपचार घेत असतानाही त्यांच्याकडे जाता येतं, उलट लवकर गेलेलं बरं.

बहिणीला बरोबर न्या, मुंबईला. धाकटा नंतर येईल. तपासणीच्या खोलीत तुम्हाला बाहेर बाकावर थांबावं लागेल, आणि माय आत गेल्यावर हात धरायला कोणीतरी बाईमाणूस हवं.